विश्लेषण : अटलांटिक क्रूझवर तरुण प्रवाशाच्या वाट्याला नेमके काय येते?

गुरुकुंज मोझरीपासून कुठलाही समुद्र पाचशेहून अधिक किलोमीटर लांब. तरीही बोटीने अटलांटिक ओलांडण्याचा विषय आता वऱ्हाडातल्या घरांमध्ये निघू लागला आहे. कारण तिवसा, अमरावती, अकोल्याची मुले इंग्लंड-अमेरिकेत शिकतात, नोकरी करतात. इंग्लंडहून अमेरिकेला विमानाऐवजी बोटीने जावे का, हा प्रश्न त्यांना पडतो. जाहिरातीत जलतरण तलाव दिसतो, तिकिटाचा आकडाही कधी कधी आवाक्यातला वाटतो. प्रत्यक्षात काय असते?

ही क्रूझ म्हणजे मुंबई-गोवा सफर नव्हे

या प्रवासाचे दोन प्रकार आहेत. पहिला, ठरलेल्या मार्गावरचा : ‘क्वीन मेरी २’ हे ३४५ मीटर लांबीचे जहाज साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण सात रात्रींत कापते. वाटेत एकही बंदर नसते. वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मोझरीवरून नागपूरकडे जाणारा भरलेला ट्रकही त्याच्या पुढे निघेल. दुसरा प्रकार हंगामी. कॅरेबियन बेटांभोवती फिरणारी जहाजे एप्रिल-मेमध्ये युरोपात येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परततात. जहाज तसेही न्यायचेच असते, म्हणून या फेऱ्यांचे दर रात्री बहुधा कमी पडते. मात्र त्या बारा ते सोळा दिवसांच्या असतात आणि त्यातले बरेच दिवस नुसते पाणी दिसते.

सोबतीला कोण असेल?

बहुतांश निवृत्त मंडळी. दोन आठवडे सलग मोकळे असणारे दुसरे कोण असणार? विशीतल्या प्रवाशाला नाचगाण्याची रात्र अपेक्षित असेल, तर अकरानंतर ओस पडलेले सभागृह पाहून त्याची निराशा होईल. दिवस व्याख्याने, पत्त्यांचे डाव, वाचनालय आणि दुपारचा चहा यांत जातो. मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात आजीआजोबांसोबत मुक्काम केलेल्याला ही लय ओळखीची वाटेल : वेळापत्रक ठरलेले, पंगतीला शेजारी अनोळखी आणि तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे नावाने हाक मारू लागलेले. एकट्या तरुणाने जेवणासाठी सामायिक टेबल मागून घ्यावे. आठवडाभर एकट्याने जेवण्यापेक्षा ते बरे.

पश्चिमेकडे जाताना एक खास फायदा आहे. ब्रिटन आणि न्यूयॉर्कच्या वेळेतला पाच तासांचा फरक वाटेतच भरून काढला जातो. पाच वेळा घड्याळ एक तास मागे जाते, म्हणजे दिवस पंचवीस तासांचा होतो. विमानप्रवासानंतरचा झोपेचा गोंधळ इथे जवळपास नसतो. उलट दिशेला मात्र तेवढेच तास हातचे जातात.

बोट लागली तर?

उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्यात समुद्र खवळलेला असतो. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख्यासारखी पाती असतात. ती डावे-उजवे डोलणे बरेच कमी करतात, पण पुढचे टोक वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा इलाज नाही. ही हालचाल टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यभागी सर्वांत कमी जाणवते. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने उंचावरच्या बाल्कनीचा मोह सोडून मधली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते.

खरा खर्च आणि खरी अडचण

जाहिरातीतला दर दोघांच्या खोलीतल्या एका माणसाचा असतो. एकट्याने गेल्यास जवळपास दुप्पट मोजावे लागू शकतात. त्यावर रोजची सेवा-बक्षिसी, इंटरनेट, मद्य, कपडे धुणे. जहाजावरच्या डॉक्टरचे पैसेही वेगळे, म्हणून वैद्यकीय विमा टाळू नये. भर समुद्रात फोन ‘विमान मोड’वर ठेवावा, नाहीतर जहाजाचे रोमिंग घाम फोडते. शाकाहारींनी आरक्षणाच्या वेळीच कळवावे. काही जहाजांवर संध्याकाळी औपचारिक पोशाख लागतो. तिथे बंदगळा किंवा साडी शोभून दिसते, भाड्याचा सूट शोधत बसू नये.

पण सगळ्यात महाग पडते ती व्हिसाची चूक. जहाज न्यूयॉर्कला संपणार असेल, तर भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा व्हिसा आधीच लागतो. नसेल तर बंदरावरूनच परत पाठवतात आणि तिकिटाचे पैसेही बहुधा बुडतात. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा इथे कामाचा नाही. हंगामी फेरीत अझोर्स किंवा मदेरा बेटे लागली, तर ती पोर्तुगालची, म्हणजे शेंगेन व्हिसा हवा. वयाची अटही तपासावी : काही अमेरिकी कंपन्या २१ वर्षांखालील प्रवाशाला एकट्याने खोली देत नाहीत.

आधी कोण गेले होते?

महाराष्ट्रातून तरुण वयात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी नवे नाहीत. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय १८. सोबत पती नव्हते, खाण्यापिण्याची पंचाईत होती आणि पुढे पेनसिल्व्हेनियात वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये, २२ व्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठासाठी न्यूयॉर्कला उतरले. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२० मध्ये इंग्लंडला गेले, तेही बोटीनेच. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. आजच्या प्रवाशापुढे आठ तासांचे विमान आहे, त्यामुळे बोट निवडायची ती वेळ हाताशी असेल तरच.

घरच्यांना काय सांगावे?

मधे उतरता येत नाही, हे आधी सांगावे. घरी कुणी आजारी पडले, तरी पुढचे बंदर येईपर्यंत परतीचा मार्ग नसतो. आई-वडिलांकडे जहाजाचे नाव, खोलीचा क्रमांक आणि कंपनीचा आपत्कालीन दूरध्वनी लिहून ठेवावा. इंटरनेट उपग्रहावरून चालते आणि अधूनमधून तुटते. दोन दिवस ‘गुड मॉर्निंग’चा संदेश आला नाही, तर मोझरीत कुणी घाबरून जाऊ नये, एवढी व्यवस्था निघण्याआधी करावी.