टाक्यांचा मजकूर आणि लोकरीचा दाखला

विणकामाच्या इंग्रजी पुस्तकातील ‘* के २, पी २, * येथून पुन्हा’ अशी अक्षरे पाहून उत्तम हात असलेल्या पुष्कळ विणणाऱ्यांनी सुया बाजूला ठेवल्याचे मी पाहिले आहे. वस्तुतः त्या पानाइतका नेटका, एकही शब्द वाया न घालवणारा मसुदा दिवाणी दस्तऐवजांतही विरळाच सापडेल. ‘के’ म्हणजे सुलट टाका, ‘पी’ म्हणजे उलट, आणि तारकेपासूनचा मजकूर सुई, म्हणजे टाक्यांची ओळ, संपेपर्यंत पुन्हा पुन्हा विणावयाचा, एवढा संकेत ध्यानी आला की निम्मे पान उलगडते. सुलट आणि उलट हे दोन निराळे टाके नसून एकाच टाक्याच्या दर्शनी व पाठच्या बाजू होत. म्हणूनच एक सुई सुलट व एक सुई उलट विणली असता कापडाचा दर्शनी भाग सपाट राहतो, आणि सर्व सुया सुलटच विणल्या तर दोन्ही बाजूंना आडवे कंगोरे उठतात.

इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे मध्ययुगातील आहेत, १५६२ मध्ये फ्लॉरेन्स येथे दफन झालेल्या डचेस एलिओनोरा हिच्या मोज्यांत उलट टाके आढळतात, आणि १५८९ मध्ये इंग्लंडच्या विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र सिद्ध केले.

माझा खरा जिव्हाळा मात्र टाके कमी करण्याच्या संज्ञांशी आहे. दोन टाके एकत्र सुलट विणण्याच्या क्रियेला ‘के २ टॉग’ म्हणतात, आणि तिच्यात डावीकडचा टाका वर येऊन घट उजवीकडे झुकते. उलटपक्षी दोन टाके सुलट विणल्याप्रमाणे एकेक उचलून, मग ते मागच्या बाजूने एकत्र विणण्याची जी ‘एसएसके’ नामक रीत आहे, तीत घट डावीकडे झुकते. स्वेटरच्या त्रिकोणी गळ्यात पाहणाऱ्याच्या उजवीकडे चढणाऱ्या कडेला पहिली व डावीकडे चढणाऱ्या कडेला दुसरी योजली, तर दोन्ही कडांवर टाक्यांची रेषा खांद्यापर्यंत अखंड चढते. माझ्या मावशीने विणलेला बिनबाह्यांचा एक जुना स्वेटर मी भिंगाखाली निरखला, तेव्हा दोन्ही कडा परस्परांना तंतोतंत जुळत असल्याचे दिसले. मावशीने ‘एसएसके’ ही अक्षरे आयुष्यात वाचलेली नव्हती. एक टाका न विणता घ्यावा, पुढचा विणावा, आणि पहिला त्यावरून उतरवावा, ही जुनी रीत तिच्या हातात होती, आणि तिच्या घटीचा झोकही डावीकडेच जातो. इतक्या बारीक गोष्टीसाठी कुणी शाबासकी देणार नाही हे ठाऊक असूनही ती केली जाते, याचे मला अपार कौतुक वाटते.

सुयांच्या क्रमांकांविषयी मात्र सावध असावे. आपल्या बाजारात अद्याप जुन्या ब्रिटिश क्रमांकांचा शिरस्ता आढळतो. त्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होते, आणि आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची असते, तर अमेरिकी आठ नंबरची पाच मिलिमीटरची. म्हणून मिलिमीटर हाच आकडा प्रमाण मानावा. तसेच ‘टेन्शन’ किंवा ‘गेज’ या कलमाची उपेक्षा करू नये: १० सेंटिमीटरला २२ टाके अपेक्षित असता आपल्या हाताला २० बसले, तर १९८ टाक्यांचा घेर ९० ऐवजी ९९ सेंटिमीटर होतो. नमुन्याचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून, मधोमध मोजावा; न धुतलेल्या चौकोनाचे माप ग्राह्य धरू नये.

आता लोकर. आपल्या दुकानांत लोकर म्हणून मिळणारे बहुतेक गुंडे अॅक्रिलिकचे असतात. धाग्याचे टोक जाळले असता खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येऊन चुरडणारी राख उरते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. सेंद्रिय लोकरीचा दाखला पाहताना मेंढीचे जीवन आणि पुढील प्रक्रिया यांची स्वतंत्र चौकशी करावी. पहिल्यात रासायनिक खतांविना वाढलेले कुरण, आणि अंगावरील कीटकांसाठी विषारी द्रावणात बुडवण्यावरील बंदी येते. ब्रिटनमध्ये असे बुडवणे १९९२ पर्यंत सक्तीचे होते, आणि त्या द्रावणांमुळे आपण आजारी पडलो अशी तेथील अनेक मेंढपाळांची तक्रार आहे. मेंढीच्या शेपटीजवळची कातडी कापण्याची ‘म्यूल्सिंग’ ही ऑस्ट्रेलियातील पद्धत वगळली आहे की नाही, हेही विचारावे. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. प्रक्रियेचा विचार अधिक महत्त्वाचा, कारण यंत्रात धुता यावी म्हणून पुष्कळ लोकरीचे खवले क्लोरिनने झिजवून त्यावर कृत्रिम राळेचा थर चढवतात, आणि मग मेंढी कितीही निर्मळ कुरणावर चरली असली तरी तिच्या लोकरीचा मूळ गुण उरत नाही. ‘गॉट्स’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात ‘सेंद्रिय’ शिक्क्यासाठी किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात, ‘सेंद्रिय तंतूंनी युक्त’ या दुय्यम दर्जासाठी ७० टक्के. क्लोरिनची ती प्रक्रिया तेथे निषिद्ध आहे.

माण तालुक्यात धनगरांच्या एका वाड्यावर मी दख्खनी मेंढ्यांची कातरणी पाहिली. ती काळी लोकर न रंगवलेली, राळविरहित, आणि कागदोपत्री दाखल्याविनाच होती. तिचे तंतू जाड, म्हणून अंगाला टोचतात. बाळाच्या टोपड्यासाठी मऊ, बारीक तंतूंची मेरिनोच घ्यावी. परंतु आसन, पिशवी, पायपुसणे यांसाठी ही दख्खनी लोकर मला प्रमाणित विलायती लोकरीपेक्षा अधिक पसंत आहे, कारण मेंढी, कुरण आणि कातरणारा हात तिन्ही समोर दिसतात. हातसुताचा जाड धागा घेऊन सहा मिलिमीटरच्या सुयांवर, सर्व सुया सुलट अशी ती विणावी. टाके किंचित सैल ठेवावेत, आणि पहिली धुणी कोमट पाण्यात, न चोळता करावी.