तारीख उलटली? बाळाच्या लाथा मोजा!

नऊ महिने नऊ दिवस, असं आपल्या आज्या सांगत आल्या. जर्मन डॉक्टर नेगेले यांचा नियम म्हणतो, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा. दोघांत फरक फक्त दोन दिवसांचा! तरी नेमकी दिलेल्या तारखेलाच येणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच.

तारीख पडते 280व्या दिवशी. 294 दिवस, म्हणजे 42 आठवडे झाले की दिवस उलटले. पण डॉक्टर तोवर थांबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की तारखांची खात्री असेल, तर 41 आठवडे झाल्यावर कळा आणाव्यात. कारण पुढे वार थकू शकते, गर्भजल आटू शकतं. म्हणून सोनोग्राफीत पाणी मोजतात; सर्वांत खोल कप्पा 2 सेंटीमीटरहून कमी भरला, तर ते कमी समजायचं.

मग पोटाला दोन पट्टे बांधतात, एक बाळाच्या ठोक्यांसाठी, दुसरा कळांसाठी. ही एनएसटी, म्हणजे नॉन-स्ट्रेस टेस्ट. मिनिटाला 110 ते 160 ठोके ठीक. बाळ हललं की ठोके वाढायला हवेत. वीस मिनिटांत निदान दोनदा, किमान 15 ठोक्यांनी आणि 15 सेकंद. आलेख सपाट आला तर लगेच घाबरू नका. बाळ झोपलेलं असू शकतं, म्हणून तपासणी चाळीस मिनिटांपर्यंत लांबवतात.

इथे नागपूरकर सासूबाई संत्र्याचा रस पुढे करणारच! रस खुशाल प्या, पण गोड दिल्याने एनएसटी सुधारते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पोटावर आवाजाचं छोटं यंत्र टेकवलं, तर मात्र बाळ जागं होतं.

आणि एक समज तर ताबडतोब सोडायला हवा. ‘दिवस भरत आले की बाळ शांत होतं,’ हे खरं नाही. हालचालीची तऱ्हा बदलेल, पण हालचाल कमी होता कामा नये. जेवून डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा बाळ गप्प वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी नागपुरात डागा, मेयो, मेडिकल, जे रुग्णालय जवळ असेल ते गाठा. गाडी नसेल तर रुग्णवाहिकेसाठी 102 किंवा 108 फिरवा.