दादी-नानीच्या अभ्यासासाठी अ‍ॅप कसे असावे?

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर गुरुजींनी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारीत पाटी घेऊन बसल्या. आता केंद्राच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांची नोंद मोबाइल अ‍ॅपवर होते. पण नोंद म्हणजे प्रगती नव्हे.

जिला अक्षर येत नाही, तिला टक्केवारी काय कळणार? अ‍ॅपने बोलावे, चित्र दाखवावे, इंटरनेटविना चालावे. ध्येय तिचेच असावे : सही करणे, एसटीची पाटी वाचणे, पासबुक समजणे. आवणीत महिनाभर खंड पडला तर लाल खूण नको. थांबली तिथून धडा पुढे चालावा.

‘इक्रा’, म्हणजे वाच, हा हुकूम दादी-नानीलाही आहे. नातवंडांनो, रोज दहा मिनिटे मोबाइल त्यांच्या हाती द्या.