हळदीतील कुर्कुमिन आणि शरीरातील चरबी

वाशीम जिल्ह्यातील रिसोड, मालेगाव या तालुक्यांत हळदीच्या पिकाने चांगले मूळ धरले आहे. बैठकांतून बेणे, लागवड, शिजवणी यांची चर्चा चालू असता अलीकडे एक निराळाच प्रश्न विचारला जातो : हळद खाल्ल्याने अंगावरची चरबी वितळते, हे खरे काय? हळद पिकविणाऱ्याला आपल्या मालाचा गुण जसा ठाऊक असावा, तशी त्याची मर्यादाही ठाऊक असावयास हवी.

चरबी कशी साठते?

अन्नातून मिळणारी जी शक्ती श्रमात खर्च होत नाही, ती चरबीच्या रूपाने मेदपेशींत साठविली जाते. कणगीत धान्य भरावे व नड पडताच काढावे, तसाच हा व्यवहार होय. भर अधिक आणि उपसा कमी झाला की चरबी वाढते.

कुर्कुमिनचे कार्य

हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे कुर्कुमिन. वाळलेल्या हळदीत ते जातीप्रमाणे साधारणतः २ ते ५ टक्के असते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना १२ आठवडे अधिक चरबीचे खाद्य दिले. ज्यांच्या खाद्यात कुर्कुमिन मिसळले होते, त्यांचे वजन व चरबी कमी प्रमाणात वाढली. वाढत्या चरबीला रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्याही त्यांच्यात कमी फुटल्या. म्हणजे या द्रव्याचा चरबीच्या घडामोडींशी संबंध आहे, ही गोष्ट खोटी नाही.

माणसाच्या बाबतीत अडचण

परंतु पोटात गेलेले कुर्कुमिन रक्तात फारच थोडे उतरते. बंगळूर येथे झालेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, २ ग्रॅम कुर्कुमिनबरोबर मिऱ्यातील तिखट द्रव्य २० मिलिग्रॅम दिले असता हे शोषण सुमारे २० पट वाढले. ते तेलातही विरघळते. फोडणीत हळद व मसाल्यात मिरे घालण्याची आपली रीत त्या दृष्टीने योग्यच आहे.

आता हिशेब पाहा. रोजच्या जेवणात २ ग्रॅम हळद गेली आणि तीत ३ टक्के कुर्कुमिन असले, तर ते ६० मिलिग्रॅम भरते. माणसांवरील प्रयोगांत बहुधा ५०० ते १,५०० मिलिग्रॅमचा अर्क देतात. तरीही वजनातील घट अल्पच आढळते. १,००० मिलिग्रॅमसाठी अशी ३३ ग्रॅम हळद रोज खावी लागेल. तसे करणे हिताचे नाही.

सावधगिरी

स्वयंपाकातील हळद निर्धोक आहे. तीव्र अर्काच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. अशा गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृतास इजा झाल्याची उदाहरणे इटली व अमेरिकेत नोंदली गेली आहेत. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून त्या घेऊ नयेत. मधुमेहाचे चालू औषध सोडून हळदीचे चूर्ण घेणे तर जिवावर बेतू शकते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट घरोघर आवर्जून सांगावी.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. हळद जेवणातच, तेलाच्या फोडणीत, नेहमीच्या प्रमाणात वापरावी.
२. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण व पालेभाजी ही पोट भरतात, त्यांतील चोथा पचन संथ करतो. गोड, तळलेले पदार्थ कमी करावेत.
३. यंत्रांमुळे श्रम घटले असतील तर आहारही बेताचा ठेवावा व रोज चालावे.
४. हळकुंडे प्रमाणाबाहेर शिजवू नयेत, रंग बिघडतो. दळलेली हळद उजेडापासून दूर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण प्रकाशाने कुर्कुमिन कमी होते.

हळद हा आहाराचा उत्तम साथी आहे. पण कणगीचा उपसा श्रमानेच होतो. ते काम चिमूटभर पिवळ्या भुकटीवर सोपवून भागणार नाही.