डावा रस्ता, उजवे डोळे

आखातात गाडी चालवून गावी आलेल्या माणसाला पहिले काही दिवस कोणी किल्ली देऊ नये, असं माझं मत. मी मस्कतला कंपनीची पिकअप चालवायचो. आता नांदगावात राहून गोव्यातला मोपा विमानतळ ते मालवण अशी पर्यटकांची भाडी मारतो. ओमानात वाहतूक उजवीकडून, आपल्याकडे डावीकडून. हात लवकर वळणावर येतात, डोळे मात्र जुन्याच बाजूला बघत राहतात.

गर्दीत सहसा गडबड होत नाही; पुढच्या गाडीमागून गेलं की झालं. खरा धोका रिकाम्या रस्त्यावर. पेट्रोल पंपावरून निघताना, चहा पिऊन पुन्हा गाडी काढताना, पहाटे. आमच्या नांदगाव तिठ्यावर देवगडचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. उजव्या वाहतुकीची सवय असलेला माणूस अशा ठिकाणी आधी डावीकडे बघतो, आणि जवळच्या लेनमधली गाडी येते उजवीकडून. पायी चालणाराही यातच फसतो. म्हणून तर लंडनमध्ये ‘उजवीकडे पाहा’ असं थेट रस्त्यावर रंगवलेलं असतं.

चारचाकीत निदान एक खूण असते. स्टिअरिंग मस्कतच्या गाडीत डावीकडे, आपल्या गाडीत उजवीकडे. म्हणजे गाडी त्याच देशातली असेल तर ड्रायव्हर रस्त्याच्या मध्याकडे बसतो. मधली रेषा आपल्या दाराकडे दिसली की बाजू बरोबर. स्कूटरला ही सोय नाही. तिचं हँडल सगळ्या देशांत सारखंच. आणि गोव्यात परदेशी पाहुण्यांना भाड्याने हवी असते ती बहुधा स्कूटरच. ब्रिटिश पाहुण्याचं निभावतं, कारण त्याच्याकडेही डावी बाजूच. रशियन, जर्मन, इस्रायली पाहुण्यांना मात्र सगळंच उलटं.

कागदाने हे सुटत नाही. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना मूळ लायसन्ससोबत वर्षभर चालतो. माणसाला गाडी येते एवढं त्यावरून कळतं. आपली बाजू अंगवळणी पडली का, हे कोण तपासणार? ओमानात नोकरीला गेलेल्या आपल्या माणसाला लायसन्ससाठी उभ्या केलेल्या ड्रमांच्या मधून गाडी मागे घ्यावी लागते, चढावर थांबवून दाखवावी लागते, मग रस्त्यावरची परीक्षा. आठ दिवसांच्या पाहुण्याला यातलं काहीच नाही.

गंमत म्हणजे 1928 मध्ये पोर्तुगालने उजवी बाजू धरली, तरी गोवा डावीकडेच राहिला, कारण शेजारचा ब्रिटिश मुलूख डावीकडून चालत होता. नाहीतर गोव्याच्या सीमेजवळचं बांदा ओलांडताना रोज बाजू बदलावी लागली असती!

स्कूटर भाड्याने देणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याने द्यायची रीतसर परवानगी, असली म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. हँडलवर डावीकडचा बाण चिकटवा. पैसे घेण्याआधी पाहुण्याला आतल्या रस्त्यावर उजवं वळण घ्यायला लावा. समोरची वाहतूक ओलांडायची असते ती त्याच वळणावर, आणि चुकीच्या लेनमध्ये माणूस शिरतो तोही तिथेच. हेल्मेट द्या, पट्टा आवळायला लावा. आखातातून आलेल्या आपल्या पोरांना तर मी मालवणीतच बजावतो, “आधी उजवीकडे बघ, मगे गाडी काढ.”