भांडवलाआधी नोंदी
पुण्यातील व्यापारी बांधवांनी विचार करावा असा विषय

पुणे हे संगणकाचे शहर म्हणून ओळखले जाते. येथील सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतात तीन ठिकाणी डेटा केंद्रांची सेवा सुरू केली, त्यांपैकी एक ठिकाण पुणे. परंतु याच शहरात रविवार पेठेतील बोहरी आळीत किंवा नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात गल्ल्यावर बसलेल्या एखाद्या व्यापाऱ्यास “माल किती आहे?” असे विचारले, तर उत्तराची सुरुवात अनेकदा “अंदाजे” या शब्दाने होते.

एका दुकानापुरता हा अंदाज चालतो, कारण मालक स्वतः समोर असतो. दुसरे दुकान काढायचे ठरले की तो तोकडा पडतो. एक माणूस दोन गल्ल्यांवर बसू शकत नाही. तेथे नोंदीच बसवाव्या लागतात.

त्याहून मोठा प्रश्न भांडवलाचा आहे. व्याजाचा पैसा आपल्याला नको असतो. शरीअतने मुदारबाचा मार्ग खुला ठेवला आहे. त्यात भांडवल एकाचे व मेहनत दुसऱ्याची असते. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो, आणि मेहनत करणाऱ्याची कसूर नसेल तर तोटा भांडवलदार सोसतो. पण नफा नेमका किती झाला हेच सांगता येत नसेल, तर वाटणी कशाची करणार? भागीदार मिळत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी, त्याला दाखवण्यासारखे हिशेब आपल्याकडे आहेत का, हे पाहावे.

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, म्हणजे सूरह अल-बकराची २८२वी आयत, देण्याघेण्याच्या नोंदीसंबंधीच आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, तो मुदतीसह लिहून ठेवण्याची व साक्षीदार करण्याची शिकवण तीत आहे.

पडून असलेले भांडवल

समजा, एका दुकानात २० लाखांचा माल आहे. खरेदी-विक्रीची नोंद वस्तुवार ठेवली आणि त्यातील ५ लाखांचा माल वर्षभर हललाच नाही असे आढळले. हा माल घाऊक भावाने काढून ४ लाख हाती आले, तरी नव्या जागेच्या अनामतीस मदत होईल, तीही एक पैसा व्याज न देता. हे भांडवल फळीवरच होते, फक्त दिसत नव्हते.

सुरुवात कशी करावी?

महागडी यंत्रणा लगेच नको. प्रथम प्रत्येक वस्तूला एक नाव व एक क्रमांक द्यावा. एकच बेअरिंग तीन नावांनी लिहिले गेले तर संगणकही फसतो. मग खरेदी, विक्री, शिल्लक व उधारी या चार नोंदी एकाच ठिकाणी, त्याच दिवशी व्हाव्यात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून नोंदणीकृत व्यापाऱ्यास बिले ठेवावीच लागतात. तीच माहिती केवळ कर सल्लागाराकडे न धाडता स्वतः वाचावी. दरमहा तीन प्रश्न विचारावेत: कोणता माल वेगाने गेला, कोणता पडून राहिला, कोणाची उधारी थकली? ही सवय जडल्यावरच दुसऱ्या दुकानाचा संगणक पहिल्याशी जोडावा.

नोंदी ही अमानत

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बँकेच्या मूळ यंत्रणेला बगल देऊन बनावट यंत्रणेमार्फत एटीएमचे व्यवहार मंजूर झाले होते. बँकेवर अशी वेळ येते, तेथे दुकानदाराने गाफील राहू नये. प्रत्येक नोकराचा संकेतशब्द वेगळा असावा. नोंदींची एक प्रत रोज दुकानाबाहेर ठेवावी. ग्राहकाचा फोन क्रमांकही अमानत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, पण अमानतीची जबाबदारी आपल्यावर त्याआधीपासूनच आहे.

शेवटी जकातीचा मुद्दा. विक्रीच्या मालावर अडीच टक्के जकात काढायची तर मालाची किंमत मोजावीच लागते. म्हणजे जो आकडा भागीदाराला हवा, तोच आपल्या फर्जसाठीही हवा. येत्या जकातीच्या हिशेबापासूनच ही मोजदाद सुरू करावी. त्या दिवशी “अंदाजे” हा शब्द वापरावा लागला नाही, तर इन्शाअल्लाह दुसऱ्या दुकानाचा पाया घातला गेला असे समजावे.