‘तटस्थ’ पात्राची भाषा : भूमिका-खेळांतील एका संज्ञेचा अर्थविचार

कल्पनारम्य भूमिका-खेळांत चार-सहा जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होऊन काल्पनिक जगाचे वर्णन करतो आणि उरलेले प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात. या प्रकारातील आद्य खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पात्राच्या नावापुढे एक ‘अलाइनमेंट’ नोंदविलेली असते. ही संज्ञा वरवर पाहता नीतिविषयक वाटते. वस्तुतः तिचा जन्म नीतिशास्त्रात नव्हे, तर रणांगणावर झाला. आणि या संज्ञेखाली येणारी ‘न्यूट्रल’ ही कोटी गेल्या पन्नास वर्षांत इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी वापरली गेली आहे की, असे पात्र रंगविणाऱ्या खेळाडूची अडचण पुष्कळदा शब्दार्थाचीच अडचण ठरते.

१९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाचे युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांच्या कल्पनारम्य पुरवणीत अद्भुत प्राण्यांची विभागणी लॉ, केऑस आणि न्यूट्रल अशी होती; म्हणजे व्यवस्थेची सेना, अव्यवस्थेची सेना आणि दोहोंपैकी कोणाच्याही बाजूने उतरू शकणारे. ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कथांतून आलेली आहे. येथे ‘न्यूट्रल’ म्हणजे केवळ बाजू न ठरलेला. त्याच्या अंतःकरणाविषयी हा शब्द काहीच सांगत नाही.

१९७६ साली गायगॅक्स यांनी एका लेखात व्यवस्था-अव्यवस्था या अक्षाला सुष्ट-दुष्ट असा दुसरा अक्ष छेदून दिला, आणि १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या नियमग्रंथात त्यातून नऊ घरांचा कोष्टक सिद्ध झाला. त्याच्या मधल्या घरातील पात्र व्यवस्थेचे नाही व अव्यवस्थेचेही नाही, सुष्ट नाही व दुष्टही नाही. लॅटिनमधील ‘न्यूटर’ या मूळ शब्दाचा अर्थ ‘दोहोंपैकी एकही नव्हे’ असाच आहे. येथे तो नकार दोनदा लागू झाला, इतकेच. मात्र नकाराने केलेली व्याख्या पोकळच असते असे नाही. व्याकरणातील नपुंसकलिंगाची व्युत्पत्तीही नकारात्मक आहे. तरी मराठीत मूल, वासरू, पाखरू यांसारखे शब्द त्या लिंगात सुखाने नांदतात आणि त्यांच्या ठिकाणी कसलाही अभाव जाणवत नाही. प्रश्न असा की, कोष्टकाच्या मधल्या घराला असा भावरूप आशय कोणी दिला?

पहिला प्रयत्न समतोलाच्या तत्त्वज्ञानाचा होता. मूरकॉक यांच्या कथांत व्यवस्था आणि अव्यवस्था यांच्या वर एक विश्वव्यापी तोल कल्पिलेला आहे. नियमकर्त्यांनी तटस्थ पात्राला त्या तोलाचा राखणदार बनविले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतील उदाहरण या खेळाच्या चाहत्यांत प्रसिद्धच आहे. ड्रुइड, म्हणजे निसर्गपूजक पुरोहित, दुष्ट टोळीचा बंदोबस्त करण्यासाठी स्थानिक सरदाराच्या फौजेत सामील होतो. आणि टोळी नामशेष होण्याच्या बेतात येताच अंग काढून घेतो किंवा सरळ तिच्या बाजूने लढू लागतो. तर्क म्हणून हे बिनचूक आहे. माणूस म्हणून मात्र हा ड्रुइड समजत नाही. सकाळी ज्याच्या खांद्याला खांदा लावून लढलो त्याच्यावर दुपारी शस्त्र उचलणारा मनुष्य तराजूसारखा वागतो, आणि तराजूशी संभाषण करता येत नाही. अशा सोबत्यावर इतर खेळाडूंनी विश्वास कसा ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर तो ग्रंथ देत नाही.

याची प्रतिक्रिया २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दिसते. तेथे तटस्थ पात्र म्हणजे बहुधा ज्याला कोणत्याच टोकाची ओढ नाही, जे त्या त्या वेळी योग्य वाटेल ते करते असे पात्र. त्याचा नमुना म्हणून आपल्या विद्येत गढलेली आणि नैतिक वादातील शब्दच्छलाला कंटाळणारी एक जादूगारीण दाखविली आहे. (मूळ इंग्रजीत या शब्दच्छलाला अर्थविज्ञानाचेच नाव दिलेले आहे, त्या शास्त्राच्या अभ्यासकांनी ते मनाला लावून घेऊ नये.) याच आवृत्तीत पशूही तटस्थ मानले गेले, कारण त्यांना नीतीचा विवेकच नाही. म्हणजे तोल सांभाळणारा, फिकीर न करणारा आणि फिकीर करूच न शकणारा असे तिघे एकाच शब्दाखाली आले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने नऊ घरांची पाच केली आणि मधल्या घराला ‘पक्षरहित’ असे नवे नाव दिले. २०१४ साली नऊ घरे परत आली. ‘पक्षरहित’ हे नाव मात्र विवेकशून्य प्राण्यांसाठी राखून ठेवण्यात आले. एका शब्दावरील अतिरिक्त भार असा उशिरा हलका झाला.

आपल्याकडील परिभाषा या बाबतीत अधिक काटेकोर होती असे म्हणावे लागते. कौटिल्याच्या मंडलसिद्धान्तात ‘मध्यम’ आणि ‘उदासीन’ हे दोन निरनिराळे राजे आहेत. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही ‘उदासीन’ आणि ‘मध्यस्थ’ यांचा उल्लेख पृथक्‌पणे येतो. मध्यस्थाला दोन्ही पक्षांशी कर्तव्य असते, उदासीनाला एकाशीही नसते. ‘तटस्थ’ हा तर शब्दशः काठावर उभा असलेला. प्रवाह त्याला दिसतो, परंतु तो त्यात उतरलेला नाही.

भूमिका-खेळात मात्र काठावर उभे राहणे वाटते तितके सोपे नाही. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी दाखविले की, काही वाक्ये कृतीचे वर्णन करीत नाहीत. तीच कृती असतात. या खेळातील जवळजवळ सर्व कृती याच जातीची आहे. ‘मी दार उघडतो’ असे म्हणणे आणि सूत्रधाराने ते मान्य करणे, यापलीकडे दार उघडण्याची दुसरी रीत नाही. सूत्रधार प्रत्येकाला विचारतो, ‘तुम्ही काय करता?’ त्यावर मौन पाळले तरी ते उत्तर म्हणूनच मोजले जाते.

समजा, लुटारूंनी गावाला वेढा घातला आहे आणि तटस्थ पात्राची पाळी आली आहे. खेळाडू म्हणतो, ‘मला काय त्याचे!’ हे वाक्य कोणाचे? समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात, गॉफमन यांच्या चौकटींच्या कल्पनेचा आधार घेऊन, अशा खेळात व्यक्ती, खेळाडू आणि पात्र असे तीन स्तर दाखविले आहेत. ‘मला काय त्याचे’ हे वाक्य तिन्ही स्तरांवर बसते. कंटाळलेली व्यक्ती, आपल्या पात्राचा जीव जपणारा खेळाडू आणि उदासीन पात्र, तिघेही ते म्हणू शकतात. म्हणून सोबतीच्या खेळाडूंना त्याला काय उत्तर द्यावे ते कळत नाही आणि त्या बैठकीत बहुधा वैताग उत्पन्न होतो. उलट तोच खेळाडू म्हणाला, ‘या गावात माझे कोणी नाही, पण पुलावरच्या नावाड्याला मी शब्द दिला आहे, पूल मोडू देणार नाही,’ तर वाक्य निःसंशय पात्राचे झाले. येथे तटस्थता शाबूत आहे. गावाच्या न्याय्य बाजूशी पात्राला अजूनही देणेघेणे नाही. परंतु सोबत्यांना आता धरायला दोर मिळाला : ते नावाड्याविषयी विचारू शकतात, पुलावरून भांडू शकतात, त्या शब्दाची किंमत वाढवू शकतात. तत्त्वांशी नाते नसलेल्या पात्राला माणसांशी, धंद्याशी किंवा दिल्या वचनाशी नाते द्यावे लागते. ते न दिल्यास उरते ती तटस्थता पात्राची नसून खेळाडूची असते.

भाषाभ्यासकाला विशेष कुतूहल वाटावे अशी एक गोष्ट मूळ नियमांत होती. १९७४ पासून प्रत्येक पक्षाला स्वतःची भाषा दिलेली होती, तटस्थांनाही. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथानुसार ही भाषा तुटपुंज्या शब्दसंग्रहाची, केवळ ओळख पटविण्यापुरती होती आणि ती चारचौघांत उघडपणे बोलणे शिष्टसंमत नव्हते. पक्ष बदलला की जुन्या पक्षाची भाषाही तोंडून जाई. कोणत्याही बाजूचे नसलेल्यांनी परस्परांना कोणत्या खुणेने ओळखावे, हे कोडे नियमकर्त्यांनी उलगडले नाही. १९८९ च्या आवृत्तीत या पक्षभाषा गाळण्यात आल्या. ड्रुइडांची निराळी गुप्त भाषा तेवढी टिकली. २०१४ च्या नियमांत ती कायम आहे. ड्रुइडाने तटस्थच असले पाहिजे ही अट मात्र तेथे उरलेली नाही.